वेळापत्रक मागवून बघा: मराठी शाळांच्या एसडीएमसी सदस्यांना खुले पत्र

प्रति,
बेळगाव, खानापूर, निपाणी आणि चिक्कोडी भागातल्या मराठी माध्यमाच्या सरकारी प्राथमिक शाळांचे एसडीएमसी (शाळा विकास व देखरेख समिती) अध्यक्ष व सर्व सदस्य,

सप्रेम नमस्कार.

शाळा सुरू झाली की आपल्या सभेत कौलांची गळती, कंपाउंड, शौचालयाचे पाणी, बदलून गेलेल्या गुरुजींच्या जागी अतिथी शिक्षक कधी येणार, असे विषय निघतात. निघायलाच हवेत. पण मुख्याध्यापकांच्या खोलीत भिंतीला चिकटवलेल्या वेळापत्रकावर क्वचितच कोणी बोलते. खरे तर मुलाच्या वाट्याला काय येणार हे त्या कागदावरच ठरते. म्हणून या पत्रात मागणी एकच आहे: वेळापत्रक मागवून घ्या, ते चालते का बघा, आणि परिसर, खेळ, चित्रकला, गाणे यांच्या तासिका मराठी-गणित-इंग्रजीला देऊन टाकू नका.

पटसंख्या उतरू लागली, शेजारच्या इंग्रजी शाळेची पिवळी बस गावात फिरू लागली की पहिला उपाय नेमका हाच सुचतो: ‘बाकीचे’ विषय बंद करा, अभ्यास वाढवा. भाषा आणि गणित जिथे कच्चे राहते तिथे बहुतेक वेळा या बाकीच्या तासिका आधी गेलेल्या असतात. शिकलेला शब्द आणि शिकलेला आकडा वापरायची जागाच त्यामुळे मुलाला उरत नाही.

आधी हिशेब. शिक्षण हक्क कायद्यानुसार (२००९) पहिली ते पाचवीला वर्षात किमान २०० दिवस आणि ८०० तास शिकवणे व्हायला हवे. सहावी ते आठवीला २२० दिवस आणि १००० तास. म्हणजे लहान वर्गांना दिवसाला सरासरी चार तास प्रत्यक्ष शिकवणे. प्रार्थना, दूध, जेवण, हात धुणे हे त्यात धरायचे नाही. ४० मिनिटांच्या ४५ तासिका आठवड्याला धरल्या तर तिसरी ते पाचवीसाठी आम्ही अशी वाटणी सुचवतो: मराठी १०, गणित ९, कन्नड ६, इंग्रजी ६, परिसर अध्ययन ६, खेळ व आरोग्य ४, चित्र-गाणे-हस्तकाम मिळून ३, आणि १ तासिका निव्वळ वाचनाची. खात्याचे वेळापत्रक वेगळे असेल तर तेच पाळावे. आमच्या वाटणीत बघायचे ते प्रमाण. पंचेचाळीसपैकी एकतीस तासिका भाषा आणि गणिताच्याच आहेत, मग उरलेल्या चौदांवरही डोळा कशाला?

या चौदा तासिका कुणी ठरवून बंद करत नाही, त्या गळतात. खेळ आणि चित्रकला नेहमी शेवटच्या तासिकेला किंवा शनिवारी सकाळच्या शाळेत टाकलेली असते. शेवटच्या तासिकेला गुरुजी ऑनलाइन माहिती भरत असतात, शनिवारी क्लस्टरची, म्हणजे आसपासच्या शाळांच्या गटाची, बैठक निघते. जेवणानंतरची पहिली तासिकाही अशीच जाते: वाढप, ताटे धुणे, पाण्याच्या टाकीशी रांग, यात पंधरा-वीस मिनिटे सहज सरतात. तेव्हा जेवणानंतर गणित ठेवू नये, वाचन ठेवावे. मूल जसे येईल तसे पुस्तक उचलून बसेल. खेळाच्या चारपैकी दोन तासिका आठवड्याच्या मध्ये, दुसऱ्या किंवा चौथ्या तासिकेला असाव्यात. एवढा बदल करायला कुणाची मंजुरी लागत नाही.

भाषांबद्दल आमचे मत स्पष्ट आहे. मराठी पहिली, आणि ती पक्की झाल्याशिवाय बाकीच्या दोन तरत नाहीत. कन्नडही चांगलीच यायला हवी. २०१५ च्या कायद्याने ती कर्नाटकातल्या सगळ्या शाळांत शिकवायची आहेच, शिवाय तहसीलदार कचेरीत, बसस्टँडवर, पुढे नोकरीत ती मुलालाच लागणार आहे. घोटाळा होतो तो तीन लिप्या एकाच महिन्यात पाटीवर आणल्याने. पहिलीत कन्नड आणि इंग्रजी बोलण्या-ऐकण्यापुरती ठेवावी: गाणी, सूचना, वस्तूंची नावे, दुकान-दुकान खेळ. मराठीत काना-मात्रा-वेलांट्या स्थिर झाल्या की कन्नड लिखाण घ्यावे. तेव्हा ते भरभर जाते, कारण वर्णमालेचा क्रम दोन्हीकडे एकच आहे. राज्यातल्या कन्नड पहिलीत अक्षरे या क्रमाने न घेता आकाराने सोपी आधी घेतात, र ग स द अ, मग ज व म ब न. मराठी माध्यमाच्या मुलांनाही हाच क्रम सोयीचा पडतो.

दोन ठिकाणी मात्र आपली मुले हमखास अडखळतात. कन्नडमध्ये ‘ए’ आणि ‘ओ’ यांचे ऱ्हस्व आणि दीर्घ असे दोन-दोन प्रकार आहेत, मराठीत ते नाहीत. मुले दोन्ही सारखेच वाचतात आणि लिहिताना चुकीचे चिन्ह टाकतात. हा फरक आधी कानाला शिकवावा, फळ्यावर नंतर. दुसरे जोडाक्षर. देवनागरीत पहिले अक्षर अर्धे होते आणि दुसरे पूर्ण राहते. कन्नडमध्ये पहिले पूर्ण राहते आणि दुसरे त्याच्या पायाशी बसते. हे एकदा ‘अम्मा’, ‘अक्का’ अशा शब्दांवर शेजारी-शेजारी लिहून दाखवले नाही तर चौथीतले मूलसुद्धा कन्नड शब्दात अर्धे अक्षर शोधत बसते.

घरच्या बोलीबद्दल एवढेच: मूल ‘काय करालायस’ म्हणाले तर ते चूक नाही. पुस्तकी मराठी त्याच्या कानावर पडावी यासाठी रोज दहा मिनिटे गोष्ट मोठ्याने वाचून दाखवा. खाडाखोड करण्यापेक्षा त्याने जास्त काम होते. ज्यांच्या घरी कन्नड, कोकणी किंवा उर्दू आहे त्यांना तर या दहा मिनिटांची गरज अधिकच.

आता गणित. इथे थोडे थांबावे लागेल, कारण आपल्या मुलांकडे एक सोय आहे आणि ती कुणी वापरत नाही.

दुसरीतल्या मुलाला ‘पंचवीस’ लिहायला सांगा. बरीच मुले ५२ लिहितात. मूल मंद नाही, त्याने ऐकले तसे लिहिले: आधी पाच ऐकू आले, मग वीस. मराठीत एकक आधी बोलतो आणि दशक आधी लिहितो. त्यात एकोणीस, एकोणतीस, एकोणचाळीस हे कुटुंब वेगळेच. तिथे ऐकू येते तीस आणि लिहायचे २९. हे कुटुंब एकोणनव्वदपर्यंत नीट चालते आणि ९९ ला ‘नव्याण्णव’ म्हणून मोडते. महाराष्ट्रात २०१९ मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात ‘वीस पाच’ अशी वाचनपद्धत आली तेव्हा केवढा गदारोळ झाला. आपल्या सीमाभागातल्या मुलाला मात्र तीच गोष्ट कन्नडमधून आयती मिळते: इप्पत्तैदु, म्हणजे वीस आणि पाच, लिहितो त्याच क्रमाने. २९ ला इप्पत्तोंबत्तु, वीस आणि नऊ. कन्नडची तासिका आणि गणिताची तासिका एकमेकींशी बोलू लागल्या तर दुसरीतली निम्मी अडचण सुटते.

पद्धत अशी. तुरीच्या किंवा जोंधळ्याच्या वाळलेल्या काड्या बोटभर लांबीच्या कापून घ्याव्यात. तीस मुलांच्या वर्गाला हजारभर लागतात. दहा काड्यांचा एक गठ्ठा, रबर लावून. गुरुजींनी संख्या सांगायची, मुलाने आधी गठ्ठे डावीकडे आणि सुट्ट्या काड्या उजवीकडे मांडायच्या. मग ‘वीस आणि पाच’ असे मराठीत, लगेच ‘इप्पत्तैदु’ कन्नडमध्ये, आणि शेवटी ‘पंचवीस’. लिहायचे याच्यानंतर. एकोणाचे कुटुंब वेगळ्या दिवशी घ्यावे: तीन गठ्ठे मांडून एक काडी काढून घ्यायला सांगावे, गठ्ठा सोडावा लागतो आणि दोन गठ्ठे, नऊ सुट्ट्या उरतात. बिघडते कुठे? गठ्ठे गुरुजीच बांधून देतात तिथे. गठ्ठा स्वतः बांधल्याशिवाय आणि सोडल्याशिवाय पुढे हातच्याची वजाबाकी समजत नाही. शंभरपर्यंत घडाघडा म्हणणाऱ्या मुलाला फळ्यावरचा ४७ दाखवता येतो का, ते सदस्यांनी स्वतः विचारून बघावे.

चौथी-पाचवीच्या गणिताचे सगळ्यात चांगले साहित्य शाळेच्या स्वयंपाकघरात आहे. मध्यान्ह भोजनाच्या केंद्रीय निकषाप्रमाणे पाचवीपर्यंतच्या मुलाला दिवसाला धान्य १०० ग्रॅम, डाळ २० ग्रॅम, भाजी ५० ग्रॅम, तेल ५ ग्रॅम. आज पहिली ते पाचवीत ३८ मुले हजर असतील तर तांदूळ ३.८ किलो, डाळ ७६० ग्रॅम, भाजी १.९ किलो, तेल १९० ग्रॅम. हा हिशेब रोज दोन मुलांनी करून स्वयंपाकीण बाईंकडे न्यावा, त्यांच्यासमोर वजन करावे. तीन पॉइंट आठ म्हणजे तीन किलो आठ ग्रॅम ही चूक कागदावर वर्षभर टिकते आणि तराजूवर एका दिवसात जाते. आणखी एक गंमत: १९० ग्रॅम तेल मापाच्या भांड्यात ओतले तर ते १९० मिलीच्या खुणेवर थांबत नाही, दोनशेच्या थोडे वर जाते, कारण तेल पाण्यापेक्षा हलके. पाचवीला विज्ञान शिकवायला आणखी काय हवे?

परिसर अध्ययनाची अवस्था सगळ्यात वाईट आहे. चौथीच्या तीन वह्या काढा. पानोपानी गाइडमधली प्रश्नोत्तरे एकसारखी सापडतील, स्वतः पाहून लिहिलेले एक वाक्य सापडणार नाही. पुस्तक सगळ्या राज्यासाठी आहे, त्यात तुमच्या गावचा ओढा असणार नाही. तो शाळेने घालायचा असतो. खानापूर तालुक्याइतका भूगोल फार थोड्या मुलांच्या दारात असतो. कणकुंबीला उगम पावणारी मलप्रभा पूर्वेला वळते, खानापूर गावावरून, पुढे सौंदत्तीजवळच्या नविलुतीर्थ धरणातून जाऊन कूडलसंगमला कृष्णेला मिळते, पाणी बंगालच्या उपसागरात. त्याच तालुक्यात भीमगडच्या रानातून निघणारी म्हादई पश्चिमेला गोव्यात उतरते, पाणी अरबी समुद्रात. मैदानावर ओल्या मातीचा लांबट उंचवटा करून त्याच्या माथ्यावर झारीने पाणी सोडले की पाणलोटाची रेषा तिसरीतल्या मुलालाही दिसते. बेळगाव शहराजवळच्या शाळांनी हाच धडा राकसकोप जलाशय आणि मार्कंडेय नदीवर घ्यावा, निपाणीकडच्यांनी वेदगंगा-दूधगंगेवर. मग गावातल्या ओढ्याचे पाणी कोणत्या नदीला, ती कोणत्या नदीला, असे विचारत नकाशावर बोट फिरवायचे.

आमची मुख्य शिफारस पर्जन्यमापकाची आहे. आपल्याकडे शाळा आणि पाऊस साधारण बरोबरच सुरू होतात, तो योग वाया घालवू नये. दोन लिटरची सरळ बाजूंची प्लास्टिकची बाटली घ्या. ती वर जिथे निमुळती होऊ लागते तिथे कापा, कापलेला भाग उलटा करून फनेलसारखा आत बसवा. तळ खड्ड्या-उंचवट्यांचा असतो, म्हणून सरळ भाग सुरू होईपर्यंत खडे आणि पाणी भरा आणि तिथे शून्याची खूण करा. तिथून वर मिलिमीटरची कागदी पट्टी चिकटवून तिच्यावर पारदर्शक टेप लावा. तोंड आणि पोट एकाच रुंदीचे असल्याने वेगळा हिशेब करावा लागत नाही. एक सेंटिमीटर पाणी चढले म्हणजे १० मिमी पाऊस. बाटली वाळूच्या बादलीत रोवून उघड्यावर ठेवा. झाड किंवा पागोळी जवळ असेल तर आकडा खोटा येतो. नोंद रोज सकाळी साडेआठला घ्यावी, हवामान खातेही तेव्हाच घेते. शाळेशेजारी राहणारी दोन मुले हे काम आनंदाने करतात. नोंद झाली की पाणी ओतून पुन्हा शून्यापर्यंत भरायचे. नेहमी होणारी चूक रविवारची: सोमवारी दोन दिवसांचे पाणी एका दिवसाच्या नावावर लिहिले जाते. जांबोटी-कणकुंबी पट्ट्यात जुलैमध्ये बाटली एका दिवसात काठोकाठ येऊ शकते, तिथे संध्याकाळीही एक नोंद घ्यावी.

या एका बाटलीतून किती तासिका निघतात ते बघा. तिसरी रोजचा आकडा चौकटीच्या कागदावर रंगवते. चौथी आठवड्याची बेरीज करते. पाचवी महिन्याची सरासरी काढते आणि आलेख काढते. मराठीच्या तासिकेत ‘या आठवड्याचा पाऊस’ यावर पाच वाक्ये, कन्नडमध्ये ‘इवत्तु मळे बंतु’पासून सुरुवात. खानापूरकडच्या शाळेने अथणीकडच्या एखाद्या शाळेशी महिन्यातून एकदा फोनवर आकडे बदलून घेतले तर एकाच जिल्ह्यात एकीकडे भात आणि दुसरीकडे जोंधळा का, याचे उत्तर मुले स्वतः देतील. लावणीच्या आठवड्यात हजेरी पडते, तेव्हा आलेल्या मुलांना घेऊन शेताच्या बांधावरच परिसरचा तास घ्यावा.

इतिहासाला लांबच्या सहली लागत नाहीत. हलशीला कदंबांची देवळे आहेत, नंदगडला १८३१ मध्ये इंग्रजांविरुद्ध लढलेल्या संगोळ्ळी रायण्णाला फाशी दिले ती जागा आहे, बेळगावात १९२४ चे काँग्रेस अधिवेशन भरले, गांधीजींच्या अध्यक्षतेखालचे एकमेव. नेताना मुलांच्या हातात पाच प्रश्नांचा कागद द्या, नाहीतर लक्षात डबाच राहतो.

खेळाबद्दल पालकांचा समज असा की मुलांना मैदानावर सोडले की खेळ झाला. तीस मुलांत एक चेंडू असेल तर चार दांडगी मुले खेळतात, मुली कडेला बसतात. चाळीस मिनिटांत पाच मिनिटे पळणे, दहा मिनिटे एखादे कौशल्य (झेल, नेम, उडी), वीस मिनिटे पाच-सहा जणांच्या गटांत खेळ आणि शेवटची पाच मिनिटे शांत होऊन पाणी पिणे, असा तास असावा. त्यासाठी चेंडू सहा लागतात. जुन्या कापडाचे शिवलेलेही चालतात. पावसात व्हरांड्यात दोरीवरच्या उड्या आणि सागरगोटे. लेझीम असेल तर आठ मात्रांच्या फेऱ्या मोजताना आठचा पाढा वेगळा पाठ करावा लागत नाही. चित्रकलेला फळ्यावरचे तेच घर आणि तोच डोंगर पंचवीस वह्यांत उतरवणे बंद करा. समोर मांडलेली वस्तू बघून काढू द्या. खानापूर भागात कुंभारकामाची माती जवळ आहे, ती महिन्यातून एकदा वर्गात आणा. दुसरीतल्या मुलाची बोटे मातीत बळकट झाली की अक्षरही सुधारते.

‘दोन शिक्षकांच्या शाळेत हे कसे जमायचे?’ हा प्रश्न रास्त आहे. पहिली ते तिसरी नलिकलीत (क्रमाने लावलेल्या कार्डांची ‘शिडी’ चढत मुलाने आपापल्या गतीने शिकायची पद्धत) एका शिक्षकाकडे, चौथी-पाचवी दुसऱ्याकडे, हे बहुतेक ठिकाणी असतेच. वेळापत्रक लिहिताना एक नियम पाळावा: एकाच शिक्षकाकडच्या दोन वर्गांना एकाच वेळी बोलून शिकवायचा विषय द्यायचा नाही. चौथीला नवी गणिती क्रिया शिकवत असताना पाचवीला चित्र, नोंदी किंवा मूकवाचन. पाणी, अन्न, नकाशा असे परिसरचे विषय दोन्ही वर्गांना एकत्र घ्यावेत, काम वेगळे द्यावे. खेळ आणि गाणे सगळ्या शाळेचे एकत्र. नलिकलीची पद्धत मोडते ती कार्डांमुळे: एक कार्ड हरवले की शिडीची पायरीच नाहीशी होते, मग सगळा वर्ग एकाच पानावर चालू लागतो आणि शिडी भिंतीची शोभा होते. जूनमध्ये कार्डे मोजून घ्यावीत, क्रमांक टाकून टेप लावावी, गटानुसार पिशव्यांत ठेवावीत. हे काम माता सदस्य एका दुपारी उरकू शकतात. कायद्याने समितीत निम्म्या महिला असतातच, त्यांना सहीपुरते बोलवू नका.

शिक्षकांना शिकवण्याव्यतिरिक्तच्या कामांवर नेमले जाते तेव्हा कायद्याचे कलम २७ लक्षात ठेवा: जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणूक सोडून इतर कामाला नेमता येत नाही. यापलीकडचे काम आले तर समितीने बीईओंना (गटशिक्षणाधिकाऱ्यांना) लेखी विचारावे. एकट्या शिक्षकाने विचारणे अवघड असते.

पैसे जमले तर पहिल्यांदा टाय, बेल्ट आणि फ्लेक्सवर घालू नका. पाच किलोचा तराजू, एक लिटरचे खुणांचे भांडे, दोन मीटर-टेप, सहा चेंडू, दहा दोऱ्या, जिल्ह्याचा मोठा नकाशा आणि मराठी-कन्नड दोन्ही भाषांतली पातळ गोष्टीची पुस्तके, एवढ्याने एक छोटी शाळा चालू शकते. पुस्तके कपाटात कुलूपबंद ठेवायची नाहीत. फाटली तर फाटू द्या.

दसऱ्याच्या सुटीआधीच्या सभेत मुख्याध्यापकांकडून चालू वेळापत्रक, प्रत्येक वर्गाच्या परिसरच्या तीन वह्या आणि पावसाच्या नोंदींची वही मागवून घ्यावी. वहीतल्या शेवटच्या नोंदीची तारीख बघा आणि कोणत्या आठवड्यापासून तासिका गेली ते गुरुजींना, बाईंना तिथेच, रागावल्याशिवाय विचारा. तीच तासिका दिवाळीनंतरच्या वेळापत्रकात दुसऱ्या वारी, दुसऱ्या वेळी लावून घ्यावी आणि तसा ठराव सभेच्या वहीत लिहावा.

कळावे.

आपले,
बेळगाव, खानापूर आणि निपाणी भागातले काही प्राथमिक शिक्षक